पोटावरची पिशवी आणि माझी खोटी साक्ष

ज्यांच्या पोटावर पिशवी लागली आहे किंवा लागणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. जेवताना वाचू नका. पुढे शी, संडास, वास हे शब्द जसेच्या तसे येतील, कारण गेल्या दीड वर्षात माझं अर्धं आयुष्य त्यातच गेलं आहे. 'सकारात्मक राहा' असं सांगणारी गुळगुळीत पत्रकं मला दवाखान्यात पुष्कळ मिळाली. ती मी पिशवी बदलताना खाली अंथरली. त्यांचा तेवढा उपयोग झाला.

मी अकोल्यात राहते. बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. आमचं घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. दर रविवारी सकाळी मी आमच्या देवळातल्या, म्हणजे चर्चच्या, मंडळीतल्या मुलांचा वर्ग घ्यायची आणि ख्रिस्तानं आपल्याला मोकळं केलं आहे, आता सोवळं-ओवळं, विटाळ, लोक काय म्हणतील, या कशाचीच गुलामी उरली नाही, असं मोठ्या तोंडानं सांगायची. घरी मात्र मी दोनदा झाडायची, दोनदा पुसायची, आणि दुसऱ्याच्या घरी पाणी प्यायचं तर आधी पेल्याचा तळ बघायची. "हिच्या न्हाणीतल्या फरशीवर पंगत बसवा," असं माझे यजमान, प्रकाश, पाहुण्यांना सांगायचे. मी लाजायची आणि खूश व्हायची.

मूळव्याध

रक्त जायला लागलं तेव्हा मी मूळव्याध समजले. आठ महिने इसबगोल, त्रिफळा आणि कुणीतरी सांगितलेलं ताक घेत राहिले. डॉक्टरकडे गेले नाही, कारण तिथे तपासायचं म्हणजे कुठे तपासणार, हे मला माहीत होतं. नवऱ्यालाही बोलले नाही. एके दिवशी न्हाणीतला माझा धुवायचा कपडा त्यांच्या दृष्टीस पडला आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एसटीत बसवून अमरावतीला नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी आठवड्याभराच्या तपासण्यांनंतर समोर बसवलं. कॅन्सर आहे, म्हणाले. मी मान हलवली. तेवढी तयारी मी एसटीत केली होती. मग त्यांनी एका कागदाच्या पाठीमागे पेननं पोट काढलं आणि त्यावर एक गोल काढला.

"गाठ अगदी खाली आहे. खालची वाट बंद करून इथून काढावी लागेल. इथे पिशवी लागेल."

"किती दिवस?"

"कायमची."

मला मरणाची भीती वाटली नाही, हे मी कबूल करते. मला शिसारी आली. पोटावर संडास. साडीच्या निऱ्यांच्या आत, दिवसभर, वर्गात, स्वयंपाकघरात, देवळात. नाकाला पदर लावून मी खोलीबाहेर आले.

"तारीख घेऊन टाकू ना?" प्रकाशनं विचारलं.

"नको," मी म्हटलं. "देव बरं करील."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "आपल्या घरी ताप आला तं आधी गोळी, मंग प्रार्थना. आजच काहून असं?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. किळस वाटते म्हणून मी मरायला तयार आहे, असं कोण म्हणेल? 'विश्वास' हा शब्द जवळ होता, स्वच्छ धुतलेला, इस्त्री केलेला. तोच मी घेतला.

साक्ष

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा. त्या दिवशी बायका पांढरी साडी नेसतात. नियम कुठे लिहिलेला नाही, पण रंगीत साडीतल्या बाईकडे सगळा बाक वळून बघतो. भोजनाआधी ज्यांना देवाचा अनुभव आला त्यांनी उभं राहून साक्ष द्यायची. मी ऑपरेशन नाकारल्याचं ऐकून महिला मंडळाच्या अध्यक्षा रत्नाबाई दोन दिवस आधी घरी आल्या आणि माझी साक्ष ठरवूनच गेल्या.

आमच्या मंडळीत प्रार्थना छापील मराठीत होते आणि भांडण वऱ्हाडीत. मी तर शिक्षिका, माझी मराठी जास्तच छापील. खळ घातलेली पांढरी साडी नेसून मी उभी राहिले आणि म्हणाले, "वैद्यांनी शस्त्र लावण्यास सांगितले आहे, परंतु मी माझे शरीर त्या महान वैद्याच्या हाती सोपवले आहे, आणि गेल्या चार दिवसांपासून रक्तस्राव पूर्णपणे थांबला आहे."

रक्त चार दिवस थांबलं होतं हे खरं. मंगळवारी पुन्हा सुरू झालं. ते सांगायला मी उभी राहिले नाही.

काय कौतुक झालं माझं! पाळकसाहेबांनी प्रवचनात माझं नाव घेतलं. रत्नाबाईंनी माझे दोन्ही हात धरून डोळे पुसले. मला ते आवडलं. आज आठवलं की स्वतःचीच ओकारी येते, पण तेव्हा आवडलं. मी शिकवत होते ती मोकळीक ही नव्हतीच. एकीकडे घाणीची भीती, दुसरीकडे शाबासकीची हाव, आणि दोन्हींच्या मधे मी पांढऱ्या साडीत उभी. घरी प्रकाशनं फक्त एवढंच विचारलं, "खरंच थांबलं का?" मी हो म्हटलं.

वॉर्ड

अडीच महिन्यांनी पोट फुगून दगडासारखं झालं. चार दिवस संडास नाही, वारा नाही. पाणी प्यायलं तरी उलटी, आणि शेवटी त्या उलटीलाही संडासाचा वास यायला लागला. ज्या घाणीपासून मी पळत होते ती तोंडातून आली. प्रकाशनं मला विचारलं नाही. शेजारच्यांची गाडी आणली, मला मागच्या सीटवर झोपवलं आणि अमरावतीला नेलं. मूर्तिजापूरच्या पुढे मी गाडीतच घाण केली. ते म्हणाले, "होऊ दे, होऊ दे."

शुद्धीवर आले तेव्हा पिशवी होती.

डॉक्टर रागावले नाहीत. आधी आला असता तर बरं झालं असतं, गाठ वाढली आहे, आता किमो जास्त द्यावे लागतील, एवढंच म्हणाले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

वॉर्डाचं वर्णन काय करू? सकाळी सहाला फिनेल, सातला चहा, आठला पिशव्या. माझ्या पोटावर लालभडक, ओलं, आपोआप हलणारं काहीतरी होतं. त्याला दुखत नाही, त्याला थांबवताही येत नाही. मी जेवत असताना ते चालू, मी प्रार्थना करत असताना चालू. पहिले पाच दिवस मी तिकडे पाहिलंच नाही. सिस्टर पिशवी बदलायला आली की मी भिंतीकडे तोंड करायची. समोरच्या खाटेवरच्या बाईचे नातेवाईक तिथेच बसून पोळी-भाजी खायचे, आणि मला त्यांचाही राग यायचा, त्यांच्या भाजीचाही.

सहाव्या दिवशी सिस्टरनं माझ्या हातात कात्री दिली. पिशवीचं भोक मापानं कापायचं असतं. "ब्लाउजचा गळा कापता ना, तसं कापा. मोठं नको, कातडी सोलते," ती म्हणाली. मी कापलं. ती वाकून बघत होती, आणि मधेच विचारते कशी, "मावशी, तुम्ही ख्रिस्ती ना? नाताळात करंज्या करता त्यात खोबरं सुकं घालता की ओलं?" समोर ते सगळं उघडं पडलेलं, आणि हिला करंज्या सुचतात. पण तिच्या त्या प्रश्नानं मला पहिल्यांदा वाटलं की मी अजून माणसांत आहे. सुकं घालते, मी सांगितलं.

प्रकाशला मात्र जमलं नाही. घरी आल्यावर पहिल्यांदा त्यांनी पिशवी काढली आणि तसेच पळत जाऊन मोरीत ओकले. मी आतून ऐकत होते. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. ते तोंड धुऊन परत आले, खाली बसले आणि हात पुढे केला. "मले ओकारी आली म्हंजे तू नको झाली असं नाई. दे इकडं."

दुसऱ्या दिवशीही ओकले. तिसऱ्या दिवशी नाही.

पांढरी साडी

मंडळीला आम्ही सांगितलं, पोटाचं लहानसं ऑपरेशन झालं, गाठ निघाली. पिशवीचं नाव काढलं नाही. ही माझी अट होती. रत्नाबाई भेटायला आल्या तेव्हा खोलीत इतकं फवारलं होतं की त्याच खोकल्या. देवानं डॉक्टरांचा हात धरून काम केलं, म्हणाल्या, म्हणजे माझी साक्ष खरीच ठरली. मी मान हलवली. कॅन्सरचा रोगी मान फार हलवतो.

दोन किमो झाल्यावर प्रभुभोजनाचा रविवार आला. प्रकाश म्हणाले, गडद साडी नेस. मी ऐकलं नाही. पांढरी साडी, पांढरा परकर, आत पिशवी, वरून कंबरपट्टा. आमच्या मंडळीतलीच बाई ही चूक करू शकते. नेहमीच्या दुसऱ्या बाकाऐवजी मी भिंतीकडे बसले होते, तेवढीच अक्कल.

भोजनाआधी दोन मिनिटं मूक प्रार्थना असते. कुणी खोकतही नाही. त्या शांततेत माझं पोट बोललं. मोठ्यानं, लांबलचक. पुढच्या बाकावरच्या बाईची पाठ ताठ झाली. मग मला कमरेपाशी गरम लागलं. पिशवी सुटली होती. मी डोळे उघडून खाली पाहिलं तर पांढऱ्या साडीवर पिवळा-तपकिरी डाग, आणि तो पसरत होता. वास माझ्या आधी इतरांना आला असेल. प्रकाशनं कोट काढून माझ्या कमरेला गुंडाळला आणि मला धरून बाहेर नेलं. मागून रत्नाबाईंचा आवाज आला, "चक्कर आली, चक्कर आली."

घरी न्हाणीत बसून मी ती साडी धुतली. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मी देवाशी वऱ्हाडीत बोलले. हे प्रभू, हे कृपाळू पित्या, यातलं काही नाही. "काय करून ठेवलं बाप्पा तू माह्यं? मी घाण झाली. मले माह्याच अंगाची शिसारी येते. तुले येत नाई का? येत असन तं सांग, मी नाई येत तुह्या दारात." आणखीही बोलले, ते इथे लिहिणार नाही. बाहेर प्रकाश ऐकत होते, पण आत आले नाहीत.

आकाशवाणी झाली नाही. शांतीबिंतीही वाटली नाही. पण एक गोष्ट अचानक लक्षात आली, आणि ती इतकी साधी होती की मला माझाच राग आला. मूक प्रार्थनेत मला देवाची लाज वाटलीच नव्हती. लाज वाटली होती ती पुढच्या बाकाची. देवासमोर मी ही अशी आठ महिने रक्त लपवणारी, खोटं बोलणारी, आता हगलेली, केव्हापासूनच उघडी होते आणि त्यानं मला हाकललं नव्हतं. दर रविवारी मुलांना जी मोकळीक शिकवली ती मला मोरीजवळ बसून, हाताला साबण असताना कळली. मग भूक लागली. मी पिठलं-भात खाल्ला, पोटभर.

फुलं

दोन महिने मी देवळात गेले नाही. गेले ती प्रभुभोजनाच्याच रविवारी, कॉफी रंगाची छापील साडी नेसून. उपासना संपल्यावर अंगणात सगळ्या पांढऱ्या साड्या घोळक्यानं उभ्या होत्या. रत्नाबाई जवळ आल्या. "आज पांढरी नाही नेसलात?"

"आता नाही नेसणार," मी म्हटलं.

त्यांना ते आवडलं नाही, पण त्यांच्याजवळ चांगली बातमी होती. "तुमच्या साक्षीचं फळ ऐकलंत का? आपली फुलंवाली, कमल. बाळापूरची. त्या दिवशी दारात टोपली घेऊन उभी होती, सगळं ऐकलं तिनं. तिला छातीत गाठ होती म्हणे. दवाखान्यात जायचं सोडलं तिनं. म्हणते, शाळेच्या बाईंना बरं केलं तो मलाही करील. बघा, देव तुमचा कसा वापर करतो."

कमल मला माहीत होती. तिच्या घरची शेवंती आणि निशिगंध दर पहिल्या रविवारी वेदीवर असतात. माळ्याची बाई, तोंडानं फटकळ, देवळात कधी आत यायची नाही, दारात उभी राहून गाणी ऐकायची. त्या रविवारी वेदीवर फुलं नव्हती, हेही माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

मी रत्नाबाईंचा हात धरला. "कधीपासून जात नाही ती दवाखान्यात?"

"तेव्हापासूनच. सात-आठ महिने झाले असतील."

"रत्नाबाई, मले काई बरं-बिरं केलं नव्हतं," मी म्हटलं, आणि आवाज चढला तो चढलाच. "रक्त दोन दिवसांत सुरू झालं होतं. मले पिशवीची किळस येत होती म्हणून मी ऑपरेशन टाळलं अन् त्याले विश्वास म्हटलं. आता पिशवी आहे. ही इथं, साडीच्या आत. शी आहे तिच्यात."

"हळू बोला," रत्नाबाई म्हणाल्या. "बाहेरची माणसं ऐकतील."

"ऐकू द्या."

घोळका दोन पावलं मागे सरला. एकीनं खरंच नाकाला रुमाल लावला. मला त्यांची किळस आली, खोटं कशाला सांगू. पण त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या जागी मी असते तर मीही रुमालच काढला असता, तोही इस्त्रीचा.

बाळापूर

सोमवारी सकाळी मी एकटी बाळापूरच्या एसटीत बसले. प्रकाश येत होते, मी नको म्हटलं. कमलचं घर गावाबाहेर मळ्यातच आहे. ती ओट्यावर फुलं निवडत बसली होती, डाव्या हाताला जोर नव्हता, उजव्यानंच करत होती. मला बघून उठली. "या बाई! तुमी तं टवटवीत दिसून राह्यल्या. मी रोज तुमच्या परभूचं नाव घेतो, पाहा."

मी सांगितलं. सगळं, जसं होतं तसं. तिनं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "नाई. तुमच्यासारखी शिकेल बाई देवाच्या घरात उभी राहून खोटं कशी बोलन? तुमाले माह्या डाक्तरनं पाठवलं असन."

मग मी तिला घेऊन ओट्यावरून घरात गेले, पदर बाजूला केला, निऱ्या खाली सरकवल्या आणि पिशवी दाखवली. अर्धी भरलेली होती. माझ्या नवऱ्याशिवाय आणि दवाखान्याशिवाय ती कुणी पाहिली नव्हती. कमलनं पदर नाकाला लावला, पण नजर हटवली नाही.

"वास येते," ती म्हणाली.

"येते."

"तुमाले घाण नाई वाटत?"

"वाटते. रोज वाटते."

"मंग कसं करता?"

"धुतो. अन् जेवतो."

तिनं दाराची कडी लावली, माझ्याकडे पाठ करून ब्लाउज उघडला आणि वळली. गाठ आता गाठ राहिली नव्हती. कातडी फुटली होती, पू होता, कापूस चिकटला होता, आणि वासानं माझं डोकं भणभणलं. मी तिथेच उभी राहिले, मग तिच्याकडून नवा कापूस मागून घेतला, आणि जुना काढून तो लावला.

"घरच्यायले नाई दाखवलं आजून," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिचा नवरा, ती आणि मी अमरावतीला गेलो. तेच डॉक्टर, तीच खोली. त्यांनी कमलला तपासलं, हात धुतले, खुर्चीत बसले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला. "बाई, गाठ तुम्हाला वर्षापूर्वी कळली. इतके दिवस काय करत होतात?"

कमलनं माझ्याकडे पाहिलं. मग खाली बघून म्हणाली, "फुलायचा सीझन होता साहेब. येनं झालं नाई."

ती मला झाकत होती. मी मान हलवली असती तर प्रकरण तिथेच मिटलं असतं.

"सीझन नव्हता," मी म्हटलं. "ती माझ्यामुळे थांबली. मी मंडळीसमोर उभी राहून सांगितलं होतं की मी बरी झाले. तुम्ही तारीख देत होतात तेव्हाची गोष्ट आहे. मी खोटं बोलले होते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. कमलच्या नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, त्या नजरेचं मी काही सांगू शकत नाही. कमलनं टेबलाखालून माझा हात दाबला आणि कुजबुजली, "काहून सांगता बाई? मी सांभाळलं होतं ना."

"नको सांभाळू मले," मी म्हटलं. "साहेब, हिच्या पहिल्या किमोची तारीख आजच द्या."